राजाला उठवायचं राहिलं

आमच्या मुळशीत मरावं तर कोंडिबानंच! जत्रंच्या नाटकात त्यानं बारा वर्सं राजा केला आनि बारा वर्सं मीच त्याला मारला. मी नथू, नाटकातला सेनापती. कोंडिबा एरवी भातखाचरात राबनारा गडी, पर तलवार लागली की पाव तास भाषान ठोकायचा, मग धाडकन पडायचा. बायाबापड्या डोळ्याला पदर लावायच्या. पडदा पडला की मी हात द्यायचा, नाव घेऊन म्हनायचं, "ऊठ कोंडिबा." मारनाऱ्यानं उठवल्याबिगर मेलेल्यानं उठायचं न्हाई, ही आमच्या नाटकाची रीत. न्हाईतर मरान अंगाला चिकटतं. त्याची बायको सारजाबाई एवढं बघितल्याशिवाय घरी जायची न्हाई.

अठ्ठावन्न साली पुण्याचे एक शिनेमावाले सायेब जत्रंला आले. आमचं नाटक बघितलं आनि पेटलेच की! "याचा सिनेमा करतो. गाणं नाही, भाषण नाही. नुसतं धुकं आणि रक्त!" राजा कोंडिबाच, पर मारनारा मुंबईचा नट. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू?

"भाषान न्हाई, तर मी करू काय?" कोंडिबानं इचारलं.

"मरा," सायेब म्हनले. "झकास मरा."

सारजाबाई अडून बसली. "त्यो मुंबईवाला आमच्या मानसाला उठवनार का? तसं कबूल करा." सायबांनी हसत मान डोलावली.

धुक्यासाठी पौषापातूर थांबले. सकाळी धरणाच्या पान्याकडंला ह्या हाताचं त्या हाताला दिसंना. काळ्यापांढऱ्या शिनेमात काकवी रगतासारखी दिसती म्हनं, म्हनून घागरभर काकवी आनलेली. नटानं असे सपासप वार घातले, माझ्या अंगावर काटा आला! कोंडिबा मुकाट चिखलात कोसळला. वार झाले, नट चहाला गेला. कोंडिबा तसाच पडून. सायबांनी सगळ्यांना गप केलं, क्यामेरा चालूच ठेवला. काकवीला मुंगळे लागले. गालावरनं पापनीवर चढले, तरी गडी हलंना!

"असा मेलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही!" सायेब आनंदानं थरथरत व्हते.

आवं कसला मेलेला! हात कवा येतोय त्याची वाट बघत व्हता त्यो. माझं डोस्कं सणकलं. पळत गेलो, हात दिला, "ऊठ कोंडिबा!" सायेब माझ्या नावानं बोंबलले. बोंबला म्हनलं. घरी सारजाबाईला एवढंच सांगितलं, उठवला; कुनी ते न्हाई.

शिनेमा लागला तवा आमी तिघं पुण्याला गेलो. काय सांगू राव! पडद्यावर घराएवढं कोंडिबाचं तोंड, पापनीवर मुंगळा, सगळं थेटर श्वास धरून बसलेलं. मग धुकं आलं, कोंडिबा त्यात दिसंनासा झाला, आनि लगेच सेनापती गादीवर!

सारजाबाई ताडकन उभी राह्यली. "आरं, उठवा की त्यांना!"

"ओ बाई, खाली बसा!" मागनं लोक वरडले.

ती बसली न्हाई. शेजारी कोंडिबा बसला व्हता, अंधारात तिनं त्याचा हात चाचपून धरला. लग्नाला ईस वर्सं झालेली. उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव कदी तिच्या तोंडात आलं न्हवतं. भरल्या थेटरात तिनं खणखणीत हाक दिली, "ऊठ कोंडिबा!"

कोंडिबा तिचा हात धरून उठून उभा राह्यला.