तीन, दोन, लाभ

शिवगंगा लग्न होऊन लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात आली तेव्हा तिला दोन गोष्टी नव्यानं शिकाव्या लागल्या. पहिली म्हणजे हळू बोलणं. माहेर इचलकरंजीचं, घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचं शेड, त्यामुळं घरातली सगळी माणसं जन्मभर ओरडूनच बोलत आलेली. दुसरी गोष्ट म्हणजे मोजणं. माहेरी मोजायचे ते कानडीतून. सासरी मराठीतून मोजत, पण त्यात 'एक' हा आकडाच नव्हता. पोतं असो की मापटं, पहिल्याला लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार.

"एक म्हटलं की एकावरच ऱ्हातंय बाई," सासरे म्हणाले होते. "लाभ म्हणावं. पुढचं आपोआप येतंय."

दुकानात धरलेली सवय घरातही उतरली. भाकऱ्या मोजताना लाभ, दोरीवरचे कपडे मोजताना लाभ, सकाळी लिंगपूजा झाल्यावर देवापुढं ठेवायची बेलाची पानंही लाभपासूनच. तिची मुलगी विद्याश्री तर दुकानातल्या पोत्यांवर बसूनच आकडे शिकली. शाळेत गेल्यावर तिनं 'एक' वहीत लिहिला, पाढ्यात म्हटला. घरात मात्र तो आकडा कधी आलाच नाही, आणि आला नाही हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

विद्याश्रीला स्केटिंगचं वेड लागलं ते उन्हाळी शिबिरात. आधी नुसतं पळायचं होतं. नववीत गेल्यावर तिथं शिकवणाऱ्या अमरसिंह सरांनी तिला नागमोडी शर्यतीला घातलं. एका ओळीत छोटे शंकू मांडायचे आणि पायात चाकं घालून एकाच्या डावीकडनं, दुसऱ्याच्या उजवीकडनं असं सळसळत जायचं. शंकू पडला की वेळ वाढवून धरायची. शेवटी ज्याची वेळ कमी तो पुढं. पोरगी अंगानं बारीक, कमरेत लवचिक. सर म्हणाले, हिला हे जमणार.

तिच्या वडिलांना, मल्लाप्पांना, हे पसंतही नव्हतं आणि नापसंतही नव्हतं. ते दुकानातून उठून कधी बघायला गेले नाहीत. पण दहावीचं वर्ष तोंडावर आलं तसं त्यांनी एकदा जेवताना सांगून टाकलं.

"यंदा जिल्ह्याच्या संघात आली तर फुडं बगू. न्हाय आली तर चाकं माळ्यावर. मग दहावी आणि दुकान."

विद्याश्रीनं ताटातला घास तसाच ठेवला. शिवगंगा म्हणाली, "येईल की. न यायला काय झालं?" पण मल्लाप्पा बोललेलं मोडत नाहीत हे तिला ठाऊक होतं. बाजारात त्यांचं नावच त्यासाठी होतं.

तेव्हापासून मायलेकी रोज पहाटे बाहेर पडू लागल्या. घर आता कसबा बावड्याला होतं. तिथं उसाच्या रानातच नवी कॉलनी पाडलेली. सिमेंटचा रस्ता आधी झाला होता, घरं अजून व्हायची होती. कारखाना सुरू असला की मळीचा वास पसरलेला असायचा. शंकू म्हणून लग्नातले प्लॅस्टिकचे पेले पालथे मांडायचे. शिवगंगा शेवटच्या टोकाला हातात घड्याळ घेऊन उभी राहायची. बटण दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद, इतकंच ते घड्याळ. ती मोठ्यानं म्हणायची, "तीन, दोन, लाभ", आणि लाभ म्हटलं की पोरगी सुटायची.

वेळा फार चांगल्या येऊ लागल्या. शिवगंगा घरी येऊन देवाला हात जोडायची. रविवारी मात्र मैदानावर सर शिट्टीवर सोडायचे, आणि त्यांच्या घड्याळात त्याच पोरीची वेळ जास्त यायची. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या रविवारी विद्याश्री रस्त्यातच थांबली.

"अव्वा, तू लबाडी करायलीस." घरात आईला अव्वाच म्हणत.

"मी कशाला लबाडी करू गं? लिंगाची शपथ."

"मग सरांच्यात जास्त कसं येतंय?"

"सरांचं घड्याळ बिघडलं असंल."

पुढच्या रविवारी सरांनी शिवगंगाला शेजारी उभं केलं, दोघांनी एकाच वेळी दोन घड्याळं धरली. विद्याश्री शेवटच्या शंकूपाशी आली आणि शिवगंगाचं बटण खटकन वाजलं. सरांचं त्यानंतर वाजलं. सर हसले.

"काकू, तुमचा अंगठा पोरीच्या आधी पोचतोय की."

आजूबाजूच्या आयाही हसल्या. शिवगंगा पण हसली. पण तिला ते लागलं. अंगठ्याला तिनं काही शिकवलं नव्हतं, पोरगी जवळ आली की तो आपला दाबला जायचा. दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम थांबून बटण दाबू लागली. मग वेळ जास्त येऊ लागली. कधी पुढं, कधी मागं. विद्याश्रीला आपण सुधारतोय की बिघडतोय हेच कळेना. निवड चाचणी उन्हाळ्याच्या आधी होती.

"तू घड्याळ धरूच नकोस," पोरगी एके दिवशी म्हणाली. "तुला ते जमत न्हाय."

शिवगंगानं ते घड्याळ पदराला पुसलं आणि पिशवीत टाकलं.

बाजारात वेळ धरायची यंत्रं मिळत होती, पण ती परदेशातून मागवावी लागायची आणि ती घ्यायची गोष्ट त्या घरात कुणी काढली नसती. शिवगंगाचा धाकटा भाऊ संगमेश इचलकरंजीत मागांच्या शेडमधून विजेची कामं करायचा. माग अडकला, मोटर जळली की त्याला बोलावणं. जत्रेच्या निमित्तानं ती माहेरी गेली तेव्हा तिनं त्याला ही कथा सांगितली.

"आक्का, म्हंजे माणूस नको," संगमेश म्हणाला. "बटण दाबाय कुणीतरी परकं पायजे."

"परकं कोण येतंय पहाटं पहाटं?"

"उजेड."

त्यानं तिच्या पिशवीतलं तेच घड्याळ उघडलं. बटणाच्या जागी दोन तारा जोडल्या. रस्त्याच्या एका बाजूला दोन बॅटऱ्या लावून ठेवायच्या, एक सुरुवातीला, एक शेवटाला. समोरच्या बाजूला त्यांच्यासमोर पावडरच्या रिकाम्या डब्यात बसवलेला उजेड ओळखणारा एक-एक डोळा. डबा आतून काळा रंगवलेला, बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून. पोरगी पहिल्या उजेडातून गेली की घड्याळ सुरू, दुसऱ्यातून गेली की बंद. सगळं भाजीच्या पिशवीत मावायचं. जुनं सामान, मोडक्या मागावरचं काही आणि दोन बॅटऱ्या, एवढ्यावर भागलं.

पहिल्या दिवशी संगमेश स्वतः बावड्याला आला. बॅटऱ्या विटांवर ठेवून, डबे समोर लावून सगळं जुळवेपर्यंत पूर्वेला तांबडं फुटलं. विद्याश्री मागं जाऊन उभी राहिली. तेवढ्यात गवळ्याची म्हैस रस्त्यानं शांतपणे चालत आली, पहिल्या उजेडातून गेली, पेले तुडवत दुसऱ्यातून बाहेर पडली.

संगमेशनं घड्याळ बघितलं. "हिची पण वेळ आली बग. संघात घेत न्हाईत, पण आली."

गवळी मागून आला. "काय करायलाय पावणं रस्त्यात?"

"तुमची म्हैस मोजायलोय."

"मोजा की. एकच हाय."

विद्याश्री इतकी हसली की तिला पहिली फेरी मारताच आली नाही. नंतर मात्र सगळं सुरळीत झालं. यंत्र नात्यातलं नव्हतं. जे झालं ते सांगत होतं, आणि रविवारी सरांच्या घड्याळाशी ते जुळत होतं. वेळ खरी कळू लागली तशी ती खरोखर उतरू लागली.

आता शिवगंगाला काही काम उरलं नाही. पेले मांडायचे, पडलेले उचलायचे, बॅटऱ्या विझवायच्या. दोन दिवस ती रस्त्याच्या कडेला नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी विद्याश्रीच मागं वळून म्हणाली,

"अव्वा, मोज की."

"आता कशाला? त्याला कळतंय की."

"मला सुटाय बरं पडतंय."

मग शिवगंगा उठली. "तीन, दोन, लाभ." खरं तर तिच्या मोजण्याचा यंत्राशी काही संबंध नव्हता. ते तिनं म्हटल्यावर सुरू होत नव्हतं, पोरगी निघाल्यावर सुरू होत होतं. पण पोरगी तिच्या शब्दावर निघत होती, म्हणून तिला बरं वाटायचं. रोज पहाटे गार हवेत तो शब्द मोठ्यानं म्हणताना सासऱ्यांनी शिकवलेलं काही तरी आपण पुढं देतोय असं तिला वाटे. देवाचं नाव घेतल्यासारखंच ते होतं. अशी तीन महिने तयारी झाली.

निवड चाचणीच्या दिवशी मैदानावर गर्दी होती. मुलांच्या पळण्याच्या शर्यती एका बाजूला, नागमोडी दुसऱ्या बाजूला. शिट्ट्यांचा नुसता गोंधळ चालला होता. नागमोडीला सोडणारे पंच बाहेरगावचे होते. त्यांनी सांगितलं, शिट्टी कुणाची ते कळत नाही, म्हणून मी तोंडानं मोजीन. एक म्हणताच निघायचं, घड्याळ तिथून सुरू. प्रत्येकीला दोन संधी, चांगली असेल ती धरायची.

आधीच्या मुली गेल्या, पण तोवर विद्याश्रीचं सगळं लक्ष शंकूंवरच होतं. विद्याश्री रेषेवर आली, गुडघे वाकवून उभी राहिली. शिवगंगा कठड्यापाशी होती. तिनं मनातल्या मनात शिव शिव म्हटलं.

"तीन," पंच म्हणाले. "दोन. एक."

विद्याश्री उभीच होती.

शिवगंगाला आधी काही कळलंच नाही, कारण तिच्याही कानाला तो शब्द शेवटचा वाटला नाही. दोन म्हटल्यावर तीही पुढच्या शब्दाची वाट बघत होती. पंचांनी मान वळवून पोरीकडं बघितलं तेव्हा पोरगी दचकून सुटली. शंकूंमधून ती सुरेख गेली, एकही पडला नाही, पण घड्याळ तिच्या कितीतरी आधी निघालेलं होतं. कॉलनीतलं यंत्र हे कधीच सांगू शकलं नसतं. पोरगी किती वेळ उभी राहिली ते त्याला दिसतच नव्हतं, तिच्या निघण्यापासूनच त्याचा दिवस सुरू व्हायचा.

अमरसिंह सर कपाळावर हात मारून आले. "अगं झोपलीवतीस काय? एक म्हटलं की त्यांनी."

"मी लाभ म्हणायची वाट बगत हुते," विद्याश्री म्हणाली.

सरांना अर्थ लागेना. शिवगंगाला लागला. ती तशीच पंचांकडं गेली.

"साहेब, पुढच्या वेळी एकच्या जागी लाभ म्हणाल का?"

"काय म्हणू?"

"लाभ. आम्ही धान्यवाले हाय. तिला तसं ऐकायची सवय हाय."

पंचांनी तिच्याकडं आणि तिच्या कपाळावरच्या विभूतीकडं नीट बघितलं. चेष्टा नाही हे त्यांना समजलं असावं. "बाई, सगळ्यांना एकच शब्द. तुमच्या मुलीला वेगळा कसा म्हणू?"

ते बरोबरच होतं. शिवगंगा परत कठड्यापाशी आली. सर तोवर विद्याश्रीच्या कानाशी लागले होते, इंग्रजीतून मोजायला सांगू काय म्हणून. तेही जमण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या वेळेला विद्याश्री 'एक'साठी इतकी टपून राहिली की 'दोन'लाच हलली. पंचांनी परत मागं घेतलं. मग ती निघाली ती बिचकतच, आणि पहिले शंकू पायानं उडाले. यादीत तिच्या आधीच्या मुलीपर्यंत नावं संघात गेली. तिचं नाव त्याच्याच खाली, संघाबाहेर लागलं.

परतताना दोघी लक्ष्मीपुरीत उतरल्या. बाजाराचा दिवस संपत आला होता. मल्लाप्पा गादीवर बसून हमालाशी बोलत होते. त्यांनी मान वर केली आणि पोरीच्या तोंडाकडं बघून काय ते समजले.

"न्हाय झालं?"

"न्हाय," शिवगंगा म्हणाली. "अहो, चूक माझी हाय. मी तिला लाभवर सोडत हुते. तिथं एक म्हणाले. पोर उभीच राहिली."

मल्लाप्पांना दोनदा सांगावं लागलं. मग ते हमालाला म्हणाले, तू जा. हमाल गेल्यावर त्यांनी काट्याच्या पारड्यावरची धूळ बोटानं पुसली.

"लाभ आमच्या दुकानाचा हाय," ते म्हणाले. "पळाय त्याचं काय काम?"

"तेच म्हणायलेय मी."

"म्हंजे पोरगी हळू न्हाय?"

"हळू कशाला असंल आप्पा," विद्याश्री म्हणाली. "सगळ्यांच्यात मी जोरात गेले. उभं राहिले म्हणून गेलं."

शिवगंगानं नवऱ्याकडं बघितलं नाही. माळ्यावर चाकं जायची तर आजच जातील, हे धरूनच ती आली होती.

"काटा चुकलेला माल आपण परत तोलतोय," मल्लाप्पा म्हणाले. "गिऱ्हाइकाला तसंच घे म्हणत न्हाय. आणि एक वरीस बगू. दहावीत मार्क पडले पायजेत, ते वेगळं."

विद्याश्री पोत्यावर बसून रडली. मल्लाप्पांनी तिला पाणी द्यायला सांगितलं आणि दिवसाचा हिशोब करायला घेतला.

संगमेशनं पावसाळ्यात यंत्र बदललं. पहिला उजेड काढून टाकला आणि तिथं दाराची घंटा बसवली. घंटा वाजली की घड्याळ सुरू, पोरगी उभी राहो की निघो. घंटा आपोआप वाजायची, पण किती वेळानं ते ठरलेलं नसायचं, म्हणजे कशाची सवयच लागायची नाही. आता मोजायलाही कुणी लागत नव्हतं. शिवगंगा पेले मांडायची आणि मग कडेच्या दगडावर बसून जप करायची. कधी कधी घंटेनं तिची माळ चुकायची.

दिवाळीनंतर एका पहाटे मल्लाप्पा त्यांच्यामागून कॉलनीत आले. कुणाला सांगितलं नव्हतं. अंगावर शाल, पायात चपला. घंटा वाजली, पोरगी निघाली, आणि ते नीट दिसावं म्हणून शेवटाच्या बॅटरीच्या समोरच येऊन उभे राहिले. घड्याळ तिथंच बंद पडलं.

"आप्पा, उजेड सोडा की," विद्याश्री लांबूनच ओरडली.

मल्लाप्पा दोन पावलं मागं सरकले. कुठला उजेड ते त्यांना कळलं नव्हतं. शिवगंगानं दगडावर सरकून जागा केली. ते बसले, आणि घंटा परत वाजायची वाट बघू लागले.