मलिद्याच्या ताटातला खलिता

वेलची, ओले खोबरे आणि भिजलेल्या पोह्यांचा तो गोड गंध आला, की लंडनच्या एजवेअर भागातले आमचे पहिले वर्ष आठवते. शेजारच्या मावशी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या. त्यांच्या धर्मातल्या संदेष्ट्याच्या नावाने त्यांनी नवसाचा मलिदा केला, की पहिले ताट आमच्याकडे येई. त्याच्या कडेला गुलाबाच्या पाकळ्या असत. त्यांच्या दिवंगत यजमानांनी दोन्ही बागांच्या सीमेवर लावलेल्या झाडाच्या.

त्या वसंतात आम्ही नवे कुंपण घालायचे ठरवले. माझ्या डॉक्टर नवऱ्याने घराच्या कागदांतला नकाशा फूटपट्टीने मोजला. गुलाब हातभर आमच्या जागेत निघाला. हॉस्पिटलच्या रिपोर्टसारखे नेटके पत्र त्याने लिहिले: झाड हलवावे. ते हातात द्यायचा धीर मला होईना. ताट रिकामे परत करायचे नाही, हे आईचे वळण मात्र अंगात मुरलेले. मी साखरेच्या पुडीखाली पत्र सरकवले आणि ताट त्यांच्या दाराशी ठेवून आले.

संध्याकाळी मावशी आल्या. "दूत पाठवलास होय गं? तोही साखरेखाली लपवून?"

त्या हसत होत्या, पण पत्र हातातच होते. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी लहानपणी गावच्या मराठी कीर्तनात ऐकलेली, त्यांच्या धर्मग्रंथातली कथा सांगितली. इस्राएलच्या शेजारचा अम्मोनी राजा म्हणाला, ही जमीन माझी, परत करा. इस्राएली सेनापतीने आधी तलवार उपसली नाही, दूत धाडले: ही भूमी आम्ही तुमच्याकडून घेतलेलीच नाही, शिवाय तीनशे वर्षे आम्ही इथे नांदतो आहोत, एवढ्या काळात का मागितली नाहीत?

"मुद्दा बिनतोड आहे," दारात उभा असलेला नवरा म्हणाला. "म्हणजे मी अम्मोनी राजा?"

"छे! त्याच्याकडे फूटपट्टी कुठली!"

"मग त्याने उत्तर काय दिलं?"

"ऐकलंच नाही हो त्याने. लढाई झाली, वीस गावं बेचिराख झाली." त्यांनी पत्राची घडी घातली. "तुमचा नकाशा खरा असेल, डॉक्टर. पण एवढं जुनं झाड उपटलं, तर पुन्हा जगायचं नाही. ह्यांच्या हातचं तेवढंच उरलंय."

शनिवारी कुंपणवाले आले. नवऱ्याने नकाशाप्रमाणे दोरी सरळ ताणली. ओल्या मातीला नुकताच फुटवा आलेल्या गुलाबाचा हिरवट वास होता. मी पुढे झाले, खुंटी उपटली आणि दोरी झाडाच्या आमच्या बाजूने वळवून पुन्हा रोवली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, मग नकाशाकडे, आणि नकाशा खिशात घातला.

दोरीपलीकडून मावशींनी माझा मातकट हात धरला.

"ऐकलंस."