आरपीएमचा काटा आणि मारोतीमामा

आमच्या दैनिकाच्या जुन्या डिझेल जीपने नांदेड-लातूर रस्त्यावर मला बातम्या कमी आणि किस्से जास्त दिले. बातम्या रद्दीत जातात, किस्से मात्र डोक्यात ठाण मांडून बसतात. त्यातले निम्मे तर एकट्या आरपीएमच्या काट्याचे! इंजिन किती जोरात फिरतंय, एवढं सांगणं हेच त्याचं काम.

*

नांदेडला जीपचा डायनामो बदलला आणि त्याच दिवशी हा काटा शून्यावर पडला. मेकॅनिक छातीठोकपणे म्हणाला, "मीटर गेलं!" अख्खा डॅशबोर्ड उचकटून त्याने दुसरं मीटर बसवलं. काटा जागचा हलेना!

मी भडकलो. तो थंडपणे म्हणाला, "गाडी पळून राहिली ना साहेब? मग काट्याला कशाला पळवता?"

*

अहमदपूरच्या वायरमनने बॉनेट उघडलं, अर्धा तास आत डोकं घातलं आणि मलाच विचारलं, "स्पार्क प्लग कुठं हाय?"

डिझेल गाडीत प्लग असतो कुठे! मी कपाळाला हात लावला.

"प्लगच न्हाई, तर काटा फिरल कसा?" तो उलट माझ्यावरच डाफरला.

*

लातूरचे गफूरभाई गाड्यांच्या वायरिंगमध्ये म्हातारे झालेले. त्यांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डायनामो बदलला क्या साब?"

डायनामोच्या मागे एक वायर नुसती लोंबकळत होती. नांदेडवाल्याने ती जोडलीच नव्हती! गफूरभाईंनी ती बसवली आणि काटा टुणकन उठला.

"ह्या गाडीत काट्याला खबर डायनामोच देतो."

*

पुढच्याच आठवड्यात किल्लारीला जाताना पाहतो तर काटा लाल पट्ट्यात! स्टिअरिंगवर मारोतीमामा, वीस वर्षं हीच जीप चालवणारे.

"मामा, इंजिन जाळताय की काय?"

"न्हाई साहेब, लई आरामात चाललोय. मी कानानं गाडी चालवतो. इंजिन वरडतंय का, तुमीच ऐका की."

"मग काय काटा खोटं बोलतो?"

परत येऊन मी मॅनेजरला दोन पानी तक्रार दिली. स्थळ, वेळ, काट्याचा आकडा, सगळं चोख. मामांच्या म्हणण्याची एक ओळही नाही. मामांची चावी गेली आणि त्यांना गेटवर बसवलं.

*

नवा ड्रायव्हर आला. तोच रस्ता, तोच वेग, आणि काटा पुन्हा लाल पट्ट्यात!

मी तडक गफूरभाईंकडे गेलो. त्यांनी हातातल्या यंत्राने इंजिनची खरी गती मोजली. काट्यापेक्षा कितीतरी कमी!

"नव्या डायनामोची पुली लहान हाय साब. लहान पुली जास्त फिरते, अन् काटा तिचेच फेरे मोजतो. इंजिन बेकसूर हाय." यंत्र पुसत म्हणाले, "अन् मारोतीबी."

भल्याभल्या अधिकाऱ्यांना "दुसऱ्या बाजूचं काय?" म्हणून धारेवर धरणारा मी, आणि स्वतः एका काट्याच्या शब्दावर माणूस उठवला!

*

तक्रार लेखी मागे घेतली आणि चावी घेऊन गेटवर गेलो.

"मामा, चुकलो."

मामांनी चावी घेतली. जीपमध्ये जाऊन बसले. खिशातून माझ्याच तक्रारीची त्यांना मिळालेली प्रत काढली, तिची नीट चौकोनी घडी घातली आणि बरोबर काट्यावर चिकटपट्टीने लावली. मग इंजिन सुरू केलं आणि क्षणभर कान दिला.

"बोला साहेब, औशाला जायचंय ना?"