काकूंच्या हाताचं माप

आगरदांड्याच्या धक्क्यावर सुभद्राकाकू होत्या, म्हणून मी त्या मुलखात टिकलो. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सांगताना मान खाली जाणार आहे. काकू गेल्या... महिना होऊन गेला. मी हल्ली रेवसला तिकिटं देतो. दिघीकडचा एक उतारू खिडकीतून वाकून म्हणाला, "तुमची भजीवाली काकू गेली, समजलं का?" मागे रांग होती. मी त्याला तिकीट दिलं, मग पुढच्याला दिलं, आणि रांग संपल्यावर रडलो.

चौथीत शाळा सुटली आणि मंगळवेढ्याकडून मी थेट समुद्राशी येऊन पडलो. बोली वेगळी, जेवण वेगळं, ओळखीचं कुणी नाही. लाँचवर सुपारीची पोती चढवायचं काम मिळालं. काकूंची कढई झावळ्यांच्या मांडवाखाली सदा तापलेली असे, कारण लाँच सुटायच्या आत उतारूंचं खाऊन व्हायला हवं. उतारूंना पाच भजी नि एक पाव. मला मात्र ॲल्युमिनियमची ताटली काठोकाठ भरून, वर दोन पाव. "पोती काय वाऱ्यावर उचलशील?" असं म्हणायच्या. परमुलखातलं पोर आपल्या डोळ्यांदेखत वाळलं, तर लोक आपल्यालाच बोलतील, असं त्यांना वाटे.

पुढे लाँच चालवणाऱ्या तांडेलाने शब्द टाकला आणि मला तिकिटांच्या खिडकीत बसवलं. काम बैठं झालं, ताटली हमालाचीच राहिली. पुरे म्हणायला जीभ रेटेना. खुर्ची मिळाली तशी पोराला आपली भजी जड झाली, असं काकूंच्या मनात आलं तर? उपकार फेडायला माझ्याकडे दुसरं होतं काय... मी खात गेलो. सदऱ्याची बटणं तुटू लागली. लाँचवर चढलो की खलाशी म्हणत, "मास्तर, मधोमध बसा, होडी कलते." काकू हसत. त्यांना तो आपल्या हाताचा मान वाटे.

त्या दिवाळीत गावी गेलो. पावसाने दगा दिला होता. वडिलांचे गाल आत गेलेले, धाकट्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. माझा सदरा त्याला घालून पाहिला, तर त्यात दोघं मावले असते. सगळे हसले, मीही हसलो. मग आईने पानं मांडली. सगळ्यांना अर्धी भाकरी, मला अख्ख्या दोन. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "एवढ्या अंगाला एवढं लागतंयच की, बाबा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आणि मी त्या खाल्ल्या... हात धुताना टोपलीकडे लक्ष गेलं. ती रिकामी होती, आणि आई अजून जेवली नव्हती.

परत आलो तर काकू म्हणाल्या, "वाळलास रे," आणि ताटली भरू लागल्या. मी ताटलीवर हात आडवा धरला. खाली बघतच सगळं सांगितलं. काकूंनी झारा बाजूला ठेवला.

"बसून काम करणाऱ्याला किती लागतं, मला काय ठावं? आमच्यात बसून कोण काम करतो? बोलायचंस ना, बाबू."

लाँच सुटून गेली तेव्हा म्हणाल्या, "माझ्या वाढण्यानं तुझ्या आयचं पान रिकामं ऱ्हायलं." दोष माझा होता, त्यांनी तो पदरात घेतला. याची लाज मला आजही जास्त आहे. त्यानंतर मी गावी निघालो की काकूंकडे घरच्या तांदळाची पिशवी तयार असायची. आई त्याला काकूचा तांदूळ म्हणे. एकदा त्या बाईला बघायचंय, असं म्हणायची. आणतो, आणतो म्हणत राहिलो...

परवा आगरदांड्याला जाऊन आलो. कढईशी आता सून बसते. माझ्यापुढे ताटली ठेवून तिने हात आखडला आणि म्हणाली, "किती वाढू, भावजी? इचारल्याबिगर वाढू नको, आत्याबाय सांगून गेल्यात."

काकू, आईला मी एक दिवस आगरदांड्याला आणीन. तुमच्या चुलीवर ती भाकऱ्या थापेल, तुमच्या सुना-नातवंडांना मी वाढीन, आणि आईला तुमच्या घरच्यांच्या पंगतीत सगळ्यांच्या आधी बसवीन.