वासूच्या माडाखालचा तोफगोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात उभा राहून मनातल्या मनात देवालाही नाही. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि खरं सांगू? लपवण्याचाही कंटाळा येतो हो. तेव्हा तुम्हीच ऐका. मध्येच मी दुसरीकडे वळेन, तेवढं चालवून घ्या.

मालवणात माझं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. घर कट्टा गावी, एसटीने ये-जा. आणि एक खूळ — लढाईचं जुनं लोखंड. महायुद्धातल्या जहाजांचं काय काय समुद्राच्या तळाशी पडलंय, ते कधीमधी जाळ्यात येतं. खारं लोखंड बाहेर काढून नुसतं वाळवलं तर पापुद्रे सुटून त्याचा भुगा होतो. ते गोड्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून महिनोन्महिने बुडवून ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, मग तारेचा ब्रश, मग मेण. बायको म्हणायची, पोटच्या पोराला एवढं न्हाऊ घातलं असतं तर! मला राग यायचा नाही. त्या कामात डोकं शांत व्हायचं.

आणि माझा एक नियम होता — हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय. जरा शंका आली की हात लावायचा नाही, सगळ्यांना लांब करायचं आणि पोलिसांना कळवायचं. एकदा तसं केलंही होतं. त्या दिवसापासून बंदरावर माझा शब्द म्हणजे शब्द झाला. मिस्त्री म्हणाले घातक, म्हणजे घातक. मिस्त्री म्हणाले रिकामं, की बायका त्याच्यावर मासे साफ करायला मोकळ्या. एवढा विश्वास माणसाला पेलतो का? मला नाही पेलला.

वासू मासेमार. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, इंजिन बिघडलं की माझ्याचकडे यायचा. त्याच्या अंगणात माडाच्या बुंध्याशी एक लांबट काळं लोखंड उभं केलेलं होतं. वासूच्या वडिलांच्या जाळ्यात आलेलं. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी वादळात सापडलेली त्यांची होडी धडपणे काठाला लागली, म्हणून म्हाताऱ्याने ते घरी आणून राखणदार म्हणून बसवलं. दर अमावास्येला तेल, कुंकू, नारळ. वासूची बायको शेवंती त्याला हात जोडल्याशिवाय मासळीची पाटी उचलायची नाही.

मी पाहिलं आणि ओळखलं. जहाजावरच्या तोफेचा गोळा. टोकाचा भाग कधीच निघून गेलेला. एकदा वासू आत चहाचं सांगायला गेला तेव्हा मी माडाच्या झापाचा हीर, खराट्याला लावतात ती लांब काडी, त्याच्या तोंडातून आत घातला — सरळ तळाला लागला. तळाशी नुसती चिमूटभर वाळू. तीस-पस्तीस वर्षांच्या तेलाने ते लोखंड असं जपलं गेलं होतं, की माझ्या सोड्याच्या टाक्यांनी लाजावं. मला ते हवं झालं. किती हवं झालं ते कसं सांगू? दोनदा मागितलं. वासू हसला. "राखणदार कोण देता काय, मिस्त्रीनू?"

तिसऱ्यांदा मी मागितलं नाही. नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी अंगणात उभा राहिलो, चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, वासू, हे जिवंत आहे. कधीही फुटेल. अशा गोळ्याला नुसता धक्का लागला तरी पुरे, जाळ्यात आला तर जाळं कापायचं आणि लांब व्हायचं. — एवढं सगळं बोललो. पहिल्या वाक्यावर थांबलो असतो तरी काम झालं असतं. पण खोटं बोलताना माणसाला भर घालायची हौस असते.

पोलिसांकडे गेलं तर ते लोक राखणदाराचे तुकडे करतील, त्यापेक्षा मीच नेऊन खोल खाडीत सोडतो, असंही मीच सुचवलं. वासू-शेवंतीला ते पटलं. देवाला पाण्यात सोडायचं, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं.

पण असं गुपचूप उचलून कसं चालेल? गाऱ्हाणं घालायला हवं. वाडीतला जाणता म्हातारा आला, नारळ ठेवला, सगळे भीतीने जरा लांबच उभे राहिले. म्हातारा म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आज तुका जागेवरसून हलवतंव. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि ह्या घराची राखण करीत इलंस तशीच करीत ऱ्हव रे म्हाराजा."

प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. सगळे म्हणाले. मीही म्हणालो, जरा मोठ्यानेच. शेवंती पदर तोंडाला लावून रडत होती. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून मी ते उचललं, लहान मूल झोपेत उचलावं तसं, एकेक पाऊल टाकत. तालुक्यात असा नट झाला नसेल. वळणापलीकडे गेल्यावर खांद्यावर टाकलं आणि कट्ट्याची एसटी पकडली.

इथेच संपलं असतं तर मी चोर ठरलो असतो, एवढंच. चोर असणं मी सोसलं असतं.

पाच वर्षांनी वासूच्या जाळ्यात काहीतरी गंजलेलं जड आलं. काय होतं कोण जाणे. नांगराचा तुकडा असेल, इंजिनाचं झाकण असेल. वासूला माझे शब्द आठवले. त्याने सुरी काढली आणि घाईघाईत ताणलेलं जाळं कापायला गेला. दोर सुटला, सुरी उलटली आणि डाव्या हाताच्या शिरा कापल्या गेल्या. हात वाचला, पण मूठ वळेना. मूठ न वळणाऱ्या माणसाने जाळं कसं ओढायचं? होडी दुसऱ्याच्या हाती गेली. वासू जेटीवर बसून इतरांची जाळी विणायला लागला, दोर दातात धरून.

मी इस्पितळात गेलो होतो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो, शपथ. मला बघून तो उठून बसायला धडपडला. "हात गेलो तर गेलो, मिस्त्रीनू. जीव तर ऱ्हवलो. तुमी सांगितलास म्हणान." शेवंतीने माझ्या पायांना हात लावला. मी तिला उठवलं, मोसंबी ठेवली आणि निघालो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही, आणि तरी तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी वासू पहिल्यांदा माझ्या घरी आला, लेकीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. बाहेरच्या खोलीत माझं सगळं लोखंड मांडलेलं. तो गोळा मधोमध. काजळी, तेल, कुंकू मी कधीच काढून टाकलं होतं. खालचा तांब्याचा पट्टा लखलखत होता, पोलादावर कोरलेले आकडे दिसत होते. वासू त्याच्यासमोर थांबला. त्याने विचारलं, "ह्यो जितो न्हय मां?"

"नाही," मी म्हणालो. "रिकामा आहे."

"बरां," तो म्हणाला, आणि त्याने तो वाकडा हात गोळ्यावरून फिरवला. ओळखलं नाही. बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, आमचाही असाच होता, पण तो जिवंत होता.

मी मान डोलावली. चहा मागवला. लग्नाला गेलो, पहिल्या पंगतीला वासूने हाताला धरून बसवलं, आणि मी पोटभर जेवलो.