पंखाच्या पलीकडचे टाके

म्हातारपणी लोक समुद्र बघायला जातात, डोंगर बघायला जातात. आमची काकू मोडीत निघालेली विमानं शोधत हिंडायची, आणि तिला ड्रायव्हर म्हणून मी फुकटात सापडलो होतो.

विमानही कुठलं, तर वायुदलातल्या नवशिक्या वैमानिकांना पहिले धडे देणारं, कापडी पंखांचं. काकू आणि काका कारखान्यात त्या पंखांवर कापड शिवायचे. पंख उभा करून ठेवत. अलीकडे ही, पलीकडे काका. हिनं लांब सुई आरपार घालायची, त्यांनी ती ओढून, गाठ मारून परत पाठवायची. मध्ये कापड असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नसे.

"म्हणून तर जमलं," काकू म्हणायची. "आधी तोंड बघितलं असतं तर मी कशाला हो म्हणते?"

काका डावखुरे. त्यांची गाठ उलट्या अंगाला कलायची आणि त्यावरून ते मुकादमाची बोलणी खायचे. काका गेले आणि काकूच्या मनानं घेतलं, की त्यांच्या हातची ती उलटी गाठ एकदा डोळ्यांनी बघायची. कापड तर दर काही वर्षांनी बदलावंच लागतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तू गाडी चालव. अक्कल चालवू नकोस."

पहिलं विमान एका चौकात चौथऱ्यावर बसवलेलं निघालं. त्याच्या पंखांवर चक्क पत्रा ठोकला होता. काकूनं तिथल्या पहारेकऱ्यालाच फैलावर घेतलं. तो बिचारा आदल्याच दिवशी कामावर लागला होता. दुसरं एका तंत्रशाळेच्या मागच्या अंगणात होतं. त्याचा नुसता सांगाडा उरला होता, आणि त्यावर वसतिगृहातल्या पोरांचे टॉवेल वाळत होते. परतताना काकू मागच्या सीटवर जाऊन बसली. मला तिची बडबड परवडते, हे नाही परवडत.

मग काकांच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. कुणा निवृत्त वैमानिकानं लिलावात घेतलेलं तसलं एक विमान शेडमध्ये होतं, आणि तो ते पुन्हा उडवायच्या खटपटीत होता. विमानाचा एक पंख मोडका होता. पण सोबत कारखान्यातून आलेला जादा पंख लाकडी पेटीत तसाच बंद होता. कधी न जोडलेला, म्हणून कापडही मूळचंच.

वैमानिकानं पेटी उघडून पंख उभा केला. काकू अलीकडून बघत बघत पलीकडे गेली आणि तिथेच थांबली. ओळीनं सगळ्या गाठी उलट्या कललेल्या. ती एकेका गाठीवरून बोट फिरवत गेली. "इथे शिंकला असणार," एका वाकड्या टाक्यापाशी ती म्हणाली, हसली आणि रडायलाच लागली. माझेही डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू?

वैमानिक भला माणूस. म्हणाला, "बाई, मग मी या पंखाला हातच लावत नाही. असाच जपून ठेवू."

"आणि विमान?"

"राहील जमिनीवर. दुसरा पंख कुठून आणू?"

काकूनं डोळे पुसले. कापडावर नख दाबलं, तर ते वाळक्या पानासारखं फाटलं.

"कुजलंय. हवेत टिकायचं नाही. हे काढा, नवं चढवा."

"निदान गाठींचा एक तुकडा कापून देतो तुम्हाला."

"नको हो. पंखावरून काढली की ती गाठ राहत नाही, नुसता दोरा राहतो. आणि आम्ही काय पेटीत ठेवायला शिवला होता का पंख?"

तिनं कात्री मागून घेतली आणि आपल्या बाजूचे टाके भराभर कापत गेली, कारखान्यात कापायची तशी, मधेच न थांबता. शेवटचा टाका कापून झाल्यावर मात्र ती जागची हलेना. मग तिनं कात्री माझ्या हातात दिली.

"तिकडून तू काप," ती म्हणाली. "हळू काप."