आबांनी तोंड फिरवलेला कूलर

दुकानात कोऱ्या टी-शर्टांचा गठ्ठा सोडत होतो, तेवढ्यात विठ्ठलआबांच्या मुलीचा फोन आला. "काका, आबा गयात..." गठ्ठा आबांसाठीच होता. कोरीटच्या कबड्डी संघाच्या बारा जर्सी छापायच्या होत्या.

आबा कोरीटचे शेतकरी, मी नंदुरबारचा मारवाडी कापडवाला. दुकानामागच्या खोलीत आम्ही भागीदारीत छपाई सुरू केली. फिल्मवर चित्र छापायचं, ओल्या शाईवर गोंदाची पावडर भुरभुरायची, ती तापवून वितळवायची आणि मग प्रेसखाली कापडावर चिकटवायचं. ऐकायला सोपं आहे. मी उतावळा, ते कमालीचे सावकाश. कापड आधी दाबून त्यातला दमटपणा घालवल्याशिवाय फिल्म ठेवायचे नाहीत, आणि उलटा हात लावून ती गार झाल्याची खात्री केल्याशिवाय सोलायचे नाहीत. मला राग यायचा, आणि तो मी लपवतही नसे.

एका मे महिन्यात त्यांची घामानं भिजलेली पाठ मला बघवेना. मोठा कूलर आणला, पाण्यानं भरला आणि त्याचा वारा थेट त्यांच्या टेबलावर सोडला. त्या दिवशी पावडर शाईपुरती न राहता फिल्मभर चिकटली. जर्सी कोरीटच्याच संघाच्या. प्रत्येक नावाभोवती खरखरीत पांढुरका डाग. आबा रागावले नाहीत. कूलर ओढत दारापाशी नेला नि ओट्यावरच्या गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवला. "शेठ, त्या वारामा पानी शे. पावडरले कोरडंच पाहिजे. घाम मले येऊ दे." सगळ्या जर्सी पुन्हा केल्या.

आबांच्या दहाव्यानंतर संघाचा कप्तान आला. सुरतेहून छापून आणतो म्हणाला. त्याची चूक नव्हती, माझ्या उतावळेपणाचा लौकिक त्याला ठाऊक होता. पण आबांच्या गावचं काम बाहेर गेलेलं मला सोसलं नसतं. "चार दिवस दे," म्हटलं.

एकट्यानं बारा जर्सी केल्या. घामाच्या धारा, कूलर दारातच... तोंड काही फिरवलं नाही. प्रत्येक फिल्मवर उलटा हात ठेवून थांबलो. आयुष्यात इतका कधी थांबलो नव्हतो.

कप्तानानं जर्सी दोन्ही हातांनी ताणली, नखानं आकडा खरवडून पाहिला. कडसुद्धा हलली नाही. "काका, हाऊ आबानाच हात शे!"

आबांची फार आठवण आली, आणि मानही ताठ झाली. कूलर अजून ओट्याकडेच तोंड करून आहे. गिऱ्हाईक मजेत हवा खातं, आणि मी आत आबांच्या स्टुलावर, घाम पुसत, उलटा हात फिल्मवर ठेवून बसलेला असतो.